कारण: वापरणाऱ्याची चूक

आधी इथे बघायचं

व्हीलचेअर बनवणाऱ्या कंपनीत तक्रारींचं सॉफ्टवेअर धाकटी सांभाळायची. ऑफिसात सगळ्यात नवी, म्हणून धाकटी. सकाळी आत्याचा फोन आला. उतारावर खुर्चीचा ब्रेक लागला नव्हता. आत्या तोंडावर आपटली, पुढचे दात गेले. तक्रार केली, तर लगेच उत्तर हजर.

"ऐक. 'कारण: वापरणाऱ्याची चूक. खुर्ची बदलून मिळणार नाही.' अगं, खुर्चीला हात न लावता यांना कळलं कसं? ज्योतिषी ठेवलेत का तुम्ही?"

धाकटीने उत्तरांचा फोल्डर उघडला. उत्तराचा साचा म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं पत्र. 'कारण'पुढे हे वाक्य आयतं बसवलेलं. मेकॅनिकने बटण दाबलं की तक्रार बंद. फाइलवर साहेबांचं नाव. तिला किळस आली, नवल मात्र वाटलं नाही. साहेब मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने फाइल उडवली आणि खोटी तक्रार टाकून पाहिली.

"झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत. कारण: वापरणाऱ्याची चूक."

तिथे नसेल तर इथे

त्या सॉफ्टवेअरची रीतच तशी. शाखेच्या फोल्डरात साचा नसेल, तर ते सगळ्या शाखांच्या सामायिक फोल्डरात शोधतं. तिथेही नसेल, तर सॉफ्टवेअरसोबत आलेला मूळ साचा उचलतं. वरचं काढलं की खालचं वर. मोरीच्या जाळीतून केसांचा पुंजका ओढावा आणि मागून बुळबुळीत शेपूट निघतच राहावं, तसं.

सामायिक फोल्डरातल्या या फाइलवर मास्तरांचं नाव होतं.

मास्तर. ज्यांनी तिला काम शिकवलं. जे नोकरी सोडून गेले तेव्हा ती रडली होती. साहेबांनी नवीन काहीच केलं नव्हतं, फक्त दिलगिरी गाळली होती.

तिने फोन लावला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"वरून सांगितलं होतं गं. मी निदान भाषा तरी मऊ केली."

"विषाला साखर लावलीत."

"तू लहान आहेस अजून, बाळ."

'बाळ' ऐकल्यावर तिला कान पुसावासा वाटला.

तिथेही नसेल तर

तिने तीही उडवली. आता मूळ साचा आला: 'कारण:' आणि पुढे मोकळी जागा. ती भरल्याशिवाय तक्रार बंदच होईना.

साहेब तरातरा आले. "सगळं तुंबलंय! तिथे काहीतरी घाल."

"काय घालू?"

"होतं तेच."

"तुम्ही घाला. फाइलवर पुन्हा तुमचंच नाव येईल."

साहेबांनी कीबोर्डकडे असं पाहिलं की जणू त्यावर कुणी थुंकलंय. "उद्या बघतो तुला," म्हणाले आणि गेले.

मेकॅनिकची मात्र पंचाईत झाली. तक्रार बंद होईना, म्हणून बिचारा पाना घेऊन आत्याच्या घरी गेला. तिथून त्याचा फोन.

"ताई, ब्रेकला स्प्रिंगच नाही. आपल्या कारखान्यातूनच बसवलेली नाही."

मागून आत्या: "चहा घेणार का? की कपही चुकीचा धरते मी?"

"लिहा मग तेच," धाकटी म्हणाली.

"लिहितो. पण ताई…" तो अडखळला. "याआधीच्या मी बटण दाबून बंद केल्यात. किती, ते आठवतही नाही."

"मला दिसतायत," ती म्हणाली. बंद तक्रारींचं पान तिच्यासमोर खाली खाली सरकत होतं, आणि संपतच नव्हतं. "पाना सोबत ठेवा. सगळ्या उघडतेय."