मावशीचा चीफ आणि काउंटीचा बिल्ला

अरे, टेंडर लागलं त्या दिवशी मुथियानी नुसता उडत होता! मोटारसायकलवर मागे न्झिओकाला बसवून अख्ख्या बाजारातून हॉर्न वाजवत फिरला. काम काय, तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारला गाला जातीचे वीस पांढरे बोकड पुरवायचे. सरकार ते बायकांच्या गटांना वाटणार. आणि हे टेंडर फक्त तरुणांच्या कंपन्यांसाठी राखून ठेवलेलं. आता यांची कंपनी म्हणजे काय, हे दोघं आणि एक रबरी शिक्का! पण लागलं ना!

मग काय, दोघांनी जनावरांचे बाजार पालथे घातले. धूळ खाल्ली, दलालांशी भांडले, एकेक करत वीस जमवले. आणि माल पोचवायच्या आदल्या सकाळी बघतात तर एक बोकड पाय ताणून पडलेला. साप म्हणा, काय म्हणा, मेला तो मेला.

"एकोणीस नेऊ," न्झिओका म्हणाला. "एक मागून देतो म्हणू."

"येडा आहेस का? एक कमी पडला तर सगळा माल परत. वर नाव काळ्या यादीत. मग काउंटीच्या दारात उभं तरी करेल का कुणी आपल्याला?"

न्झिओकाने डोकं खाजवलं. "मग... तुझ्या मावशीचा चीफ?"

स्योकाऊ मावशी म्हणजे मुथियानीच्या आईची धाकटी बहीण. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. होता तो एक बोकड. रस्त्याने चालला की माणसं बाजूला व्हायची, म्हणून नाव चीफ! आसपासच्या टेकड्यांवरच्या सगळ्या शेळ्या गाभण व्हायला त्याच्याकडे यायच्या. बदल्यात कुणी मावशीचं शेत खुरपून द्यायचं, कुणी कोरड्या नदीची वाळू उकरून पाणी आणून द्यायचं. सरळ सांगायचं तर मावशीचं घर त्या बोकडावर चालायचं.

मावशी चुलीपाशी मुथोकोई रांधायला मका निवडत होती. मुथियानी समोर उकिडवा बसला.

"फक्त मोजणीपुरता, मावशे! तपासणी झाली की काउंटीच्या आवारात दोन आठवडे ठेवतात. शनिवारी बाजारातून दुसरा घेतो, रखवालदाराला चहापाणी देतो, हा बाहेर, तो आत. सगळे असंच करतात!"

"सगळे करतात म्हणूनच भ्या वाटतं. सरकारच्या दावणीला बांधलेलं जनावर कधी परत आलंय का रे?"

"माझ्यावर विश्वास नाही होय तुझा?"

बस, तिथेच मावशी हरली. उठली, खुंट्याची दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी काउंटीच्या आवारात हीऽ गर्दी. जनावरांच्या डॉक्टरीणबाई एकेकाचे दात बघताहेत, खूर उचलताहेत. चीफपाशी आल्या आणि थांबल्याच.

"हा कुठे मिळाला रे तुला? असे वीस आणले असतेस तर तुझी आरतीच ओवाळली असती!"

न्झिओका खूश. मुथियानीही हसला. आणि तेवढ्यात एक माणूस चिमटा घेऊन आला, पहिल्या बोकडाच्या कानाला लावला आणि टक्! कानात निळा बिल्ला.

"हे काय, मॅडम?"

"मागच्या खेपेला लोकांनी उसने बोकड आणून मोजून दिले आणि मग बदलले. फार हुशार लोक आहेत इथले! म्हणून आता मोजला की बिल्ला. आणि इथे ठेवायचेच नाहीत. उद्याच वाटप आहे, ट्रक बाहेर उभाच आहे."

मुथियानीने मागे वळून चीफकडे बघितलं. चिमटेवाला पुढे सरकतोय. टक्. टक्.

"गप्प राहा," न्झिओका कानात पुटपुटला. "बोललास तर ते एकोणीसही गेले."

"अरे पण मावशी..."

"मावशीला आपण दुसरा देऊ ना! दोन देऊ!"

चिमटेवाला चीफपाशी पोचला. मुथियानीने तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी वळून बघितलं. "काय रे? काही म्हणायचंय?"

किती सोपं होतं! हा माझा नाही, एवढे तीन शब्द.

"नाही, मॅडम."

टक्.

त्या संध्याकाळी त्याने मावशीला सगळं सांगितलं. "आणतो परत, आईशपथ आणतो," म्हणाला. मावशी नुसती मका निवडत राहिली.

शनिवारी त्याने बाजारातला सगळ्यात महागडा पांढरा बोकड घेतला, टोपलीत घालून मोटारसायकलच्या मागे बांधला आणि निघाला. वाटेत पोरं हसत होती, "ओ दादा, पाहुण्यांना हेल्मेट घाला की!" नदी ओलांडली, विचारत विचारत, चीफ ज्या बायकांच्या गटाला मिळाला त्यांच्यापाशी पोचला. चीफ झाडाखाली उभा, गळ्यात रंगीत मण्यांची माळ! बायकांनी त्याच्यासाठी नवाकोरा मांडव घातलेला. गटाची प्रमुख कविंदु नावाची बाई. मोटारसायकल बघून तीच पुढे आली आणि आधी तिने चीफची दोरी घट्ट धरली.

"काउंटीतून आलात? परत न्यायला?"

चुकून आलाय, बदलून देतो, असं त्याने वाटेत शंभरदा पाठ केलं होतं.

"मागे पिल्लं दिलीत कोंबड्यांची, आठवड्यात सगळी मेली," कविंदु म्हणाली. "पहिल्यांदा काहीतरी धड दिलंत, साहेब. आता नेऊ नका."

मागच्या बायका चीफभोवती सरकल्या.

"नाही हो," मुथियानी म्हणाला. "खातोय ना नीट, ते बघायला आलो."

मग काय, हसणं, चहा, गाणं! त्याने चहाचा कप अर्धवट ठेवला. टोपलीतला बोकड तस्साच घेऊन तो परत फिरला.

मावशी दारातच होती. तिने टोपलीकडे बघितलं.

"सापडला?"

"सापडला." मग त्याने माळेचं, मांडवाचं, कोंबड्यांचं सगळं सांगितलं.

"शेळ्या किती त्यांच्याकडे?"

"तीसेक असतील."

"आणि पाणी?"

"बोअर आहे."

"बरं," मावशी म्हणाली आणि नव्या बोकडाला खुंट्याला बांधून आली. शिव्या दिल्या असत्या, काठी उचलली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं मुथियानीला.

नवा बोकड दिसायला छान, पण भित्रा. शेळी जवळ आली की हा चुलीमागे! आसपासच्या बायका दोन-तीनदा शेळ्या घेऊन आल्या, बघून गेल्या, मग टेकडीपलीकडच्या दुसऱ्याकडे जायला लागल्या. मावशी आता स्वतःच वाळू उकरते, पाण्याचा पिवळा डबा पाठीवर घेऊन चढ चढते.

परवा मुथियानीला ती वाटेत भेटली. त्याने गाडी थांबवली.

"मावशे, बस ना मागे. डबा दे इकडे."

"नको रे बाबा. तुझी कामं असतील काउंटीची."

त्याने गाडी बंद केली. उतरला आणि ती जड गाडी ढकलत, तिच्या मागे मागे तो चढ चालत राहिला. मावशी 'जा' म्हणाली नाही. पण मागे वळूनही बघितलं नाही तिने.