चव घ्यायचं स्टूल

भट्टीतून पहिला ट्रे बाहेर आला की बाबांचा दिवस सुरू होई. काकांच्या बेकरीत, मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांशेजारी एक उंच स्टूल होतं. त्यावर बसून बाबा दिवसभर चव घेत. केकचा तुकडा, क्रीमचं बोट, पाकाचा चमचा. साखर चिमूटभर कमी पडली तरी त्यांच्या जिभेला कळे, म्हणून कारागीर त्यांना ‘काटा’ म्हणत.

काट्याला मधुमेह होता. हे बेकरीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर सगळ्यांचे विनोदही ठरलेले होते.

त्या दिवशी थोरली मुलगी नेहमीसारखा डबा घेऊन आली. उकडलेली कडधान्यं, भाजी, काकडी. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गोळ्या वाढवून फार काही साधणार नाही, आता खाणं बदला. डबा रोज रिकामा होई, पण डबा म्हणजे चार घास आणि स्टूल म्हणजे अख्खा दिवस.

“दादा,” बाबा भावाला म्हणाले, “चवीला दुसरं कुणी बघ ना. मी गल्ल्यावर बसतो, नाहीतर खोकी बांधतो.”

“झालं याचं सुरू!” काका हसले. “अरे, तुझ्या जिभेवर दुकान उभं आहे. आणि घाबरतोस कशाला? मी मेलोय का? उद्या काही झालंच तर सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात टाकतो तुला. खर्चाचा विचारसुद्धा करायचा नाही.”

“मला हॉस्पिटल नकोय रे. हे स्टूल नकोय.”

“मग एक गोळी जास्त घे. कशासाठी बनवतात त्या?”

“काटा डाएटवर गेला,” एक कारागीर म्हणाला, “तर आम्ही काय वजनकाट्याला क्रीम चाटवायचं?”

सगळे खो खो हसले. बाबाही हसले. स्वतःवरचा विनोद हसून घालवायची त्यांना सवय होती. हसायला तोंड उघडलं तसा काकांनी चमचा आत सारला.

मुलगी दारात उभी होती. डब्याचं झाकण तिच्या हातात होतं आणि उत्तर ओठांवर. पण मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, हे घरचं वळण तिच्या वयापेक्षा जुनं होतं. तिने झाकण लावलं.

“संध्याकाळी फिरायला जाऊ गं,” बाबा म्हणाले. “दोघंच.”

दुपारी ते स्टुलावरून घसरले. झटका हृदयाचा होता, पण छातीत कळ आली नाही की काही नाही. इतक्या वर्षांच्या साखरेने कळसुद्धा बोथट करून टाकली होती.

आणि मग काकांच्या मोठेपणाला बहर आला. ज्यांना भावाला मागच्या खोलीतून गल्ल्यापर्यंत हलवणं जड गेलं होतं, ते आता त्याला साध्या खोलीतून स्पेशलमध्ये आणि स्पेशलमधून अतिदक्षता विभागात हलवत होते. परदेशी इंजेक्शनाचं नाव ते फोनवर दोनदा उच्चारत, ऐकणाऱ्याच्या कानात नीट बसावं म्हणून. पाहुण्यांसाठी खोलीत बेकरीचे खोके उघडलेले असत. लोक बोटं चाटत म्हणत, “असा भाऊ मिळायला नशीब लागतं!” हा माणूस इथवर आला कसा, हे विचारायला कुणाचंही तोंड रिकामं नव्हतं.

आपल्याकडे आजारपणावर उधळलेल्या पैशाला प्रेम म्हणतात. आजार दाराबाहेर ठेवू पाहणारा मात्र कटकट्या ठरतो.

पुढे मूत्रपिंडंही बंद पडली. बाबा गेले. हॉस्पिटलने बिल दिलं, काकांनी ते खिशात न ठेवता हातात धरलं, आणि आल्यागेल्याने ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात घरी बाहेरच्या खोलीत नातेवाईक जमले होते, हातात बेकरीची बिस्किटं. काका घसा खाकरून म्हणाले, “त्याच्या नावाने मी हॉस्पिटलला डायलिसिसचं मशीन देणार आहे.” माना डोलल्या. एका आत्याने डोळ्यांना पदर लावला. आई भिंतीकडे बघत राहिली.

मग काकांचा हात थोरलीच्या धाकट्या भावाच्या खांद्यावर पडला. त्याच्या शर्टाची बटणं पोटावर आत्ताच ताणलेली होती.

“तू उद्यापासून ये रे. जीभ बापाचीच आहे तुझी. स्टूल रिकामं बरं दिसत नाही.” त्यांनी आणलेला खोका उघडला. “ही नवीन क्रीम. सांग बरं, गोड जास्त झालंय का?”

धाकटा ओशाळून हसला. अगदी बाबांसारखा. हसायला तोंड उघडलं, तसा चमचा पुढे आला.

थोरली उठली आणि मध्ये आली. तिने काकांचं मनगट धरलं.

“काय गं?” काका चपापले. “सगळ्यांसमोर हे काय चाललंय?”

“बाबांनी तुमच्याकडे हॉस्पिटल मागितलं नव्हतं, काका. स्टुलावरून उतरव म्हणाले होते. तुम्ही हसलात. मी दारात उभी होते आणि मला तेव्हाच एक गोष्ट म्हणायची होती.”

खोलीत चघळणं थांबलं.

“तो चमचा खाली ठेवा.”