पांढऱ्या फितीची पिशवी

दवाखान्याच्या धुलाईघरात सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण मुकादम तिचा सख्खा दीर. वॉर्डांतून आलेल्या चादरींच्या पिशव्यांना तो फिती बांधायचा. ती फिती सोडून चादरी निवडायची, मशीनला लावायची. भिंतीवर पाटी होती : प्रत्येक पिशवीला एक तर लाल फीत, नाहीतर पांढरी, दोन्ही नकोत, बिनफितीची नको. आत घाण असेल तर आणि तरच लाल. लाल पिशवीला हातमोजे, उकळतं पाणी, दोनदा धुणं. पांढरीला नुसते हात आणि कोमट पाणी.

परवा दुसऱ्या पाळीच्या मुकादमपदाची परीक्षा होती. नऊ वर्षं वाट पाहिली होती तिने. पण त्यातली तर्काची कोडी काही केल्या सुटेनात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दीर शिकवायचा.

"निळ्या टोपीवाला आला तर आणि तरच हिरवीवाला येतो. आज हिरवीवाला आलाय. मग निळीवाला?"

"येईलही, नाहीही. त्याच्या मनाचं मी काय सांगू?"

"अहो वहिनी, दुहेरी गाठ आहे ती! इकडून ओढा, तिकडून ओढा, घट्टच. एक आला की दुसरा आलाच. एक नाही तर दुसराही नाही. का डोकंही धुवायला टाकलंत?"

ती खळखळून हसली आणि कामाला लागली. पांढऱ्या फितीची एक पिशवी सोडली, हात आत घातला.

काहीतरी कोमट, बुळबुळीत, बोटांच्या बेचक्यांत शिरलं. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत पिवळा-काळा. मागोमाग वास आला, आंबूस, गोडसर, टाळूला चिकटून बसणारा.

"भाऊजी, ही पांढरी कशी?"

दीर नाकाला रुमाल लावून लांबच थांबला. "हळू बोला. सगळ्यांना लाल बांधली तर पाळी संपायची कधी? बाहेर पाझरतं तेवढ्यांनाच बांधतो, वर्षभर झालं. बाकीच्या घाण पिशव्या दुसऱ्या पाळीकडे सारतो, ही चुकून तुमच्याकडे आली. आणि नियम कुठे मोडलाय? लाल पिशवी स्वच्छ निघाली, असं कधी झालंय?"

"लाल असली की घाण, हे एक टोक. घाण असली की लाल, हे दुसरं टोक तुम्ही मोकळं सोडलंत. गाठ कुठे राहिली?"

बोलता बोलता तिला आठवलं. कोमट पाण्यातून निघालेल्या त्या चादरी बाळंतिणींच्या अंगाखाली जायच्या. घडी घालताना ती गुणगुणायची, एकेक चादर गालाला लावून बघायची, बाळाला टोचायला नको म्हणून. गालावरून काहीतरी सरपटत गेल्यासारखं झालं. पुसायला हात उचलला, तर तोच हात.

दीर खिशातला कागद थोपटत म्हणाला, "परीक्षेच्या अर्जावर माझी सही लागते, वहिनी. घ्या, सोडवा कोडं. एक तर सही, नाहीतर लाल फीत. दोन्ही मिळायचं नाही."

"हे मात्र लगेच सुटलं," ती म्हणाली, आणि त्याच हाताने त्याच्या खिशातून अर्ज ओढला.

"शी! हात... आधी हात धुवा!" तो भिंतीला जाऊन आदळला. सदऱ्यावर पाच बोटं उमटली होती.

अर्ज तिने पिशवीत कोंबला, वर लाल फीत आवळली आणि पुढची पांढरी पिशवी ओढली. फीत सोडण्याआधी वाकून तिचा वास घेतला.