छत्रीचा कागद

निवृत्त होऊन बारा वर्षं झालेल्या बाईंना शाळेने पुन्हा बोलावलं, ते कागद तपासायला. नको त्या स्पर्शापासून स्वतःला कसं जपायचं, हे एका तरुण पोरीने मुलांना शिकवलं होतं; शिकवण्याचा उपयोग होतो का, याची ती पाहणी करत होती. शिकवण्याआधी दहा प्रश्न, आठवड्याने पुन्हा तेच दहा. नाव लिहायचं नाही. दोन्ही कागदांवर एकच चित्र काढायचं, म्हणजे जोडी लागते.

मासा, पतंग, किल्ली, सगळ्यांचे गुण वाढले होते. छत्रीचा मात्र एक घटला होता. नववा प्रश्न होता, सांगितलं तर मोठी माणसं ऐकतात का? आधी 'हो'. आता 'नाही', तेही पेन्सिल कागदात रुतेल इतकं दाबून.

"एखादा चुकतोच, बाई. लगेच छडी शोधू नका," पाहणीवाली पोरगी हसली.

बाईंना हसू आलं नाही. या मुलाने नाहीतर मुलीने आठवड्यात कुणाला तरी सांगून पाहिलं होतं. कुणाला?

मग आठवलं. मंगळवारी वेणीचं टोक चावणारी एक मुलगी टेबलापाशी आली होती. एक सांगू का, म्हणाली होती. बाई पहिल्या वेळचे कागद तपासत होत्या. मान वर न करताच त्यांनी तिला नंतर यायला सांगितलं. पोरांचे चेहरे आपल्याला वाचता येतात, अशी ऐट चाळीस वर्षं मिरवली, आणि हा चेहरा पाहिलासुद्धा नाही.

शाळा सुटल्याची घंटा झाली.

बाई कठडा धरून जिना उतरल्या. फाटकाशी स्कूटरवर एक माणूस थांबला होता. त्या वेणीवाल्या मुलीचे काका, रोज वेळेवर येतात, फार मायाळू, असं रखवालदार कौतुकाने सांगू लागला. मुलगी फाटकाच्या आत भिंतीला चिकटून, बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत होती. तिच्या मनगटावर शाईने काढलेली छत्री होती.

बाई तिच्याशेजारी खाली बसल्या. "मंगळवारी चुकलं माझं. आता ऐकते."

हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"काका चिडतील," मुलगी पुटपुटली.

"चिडू देत."

बाईंनी तिला वर खोलीत नेलं, पाहणीवालीला मुख्याध्यापिकांना आणायला पिटाळलं.

"कडी लावा," मुलगी म्हणाली.

बाईंनी कडी लावली. जिन्यावर जड बूट चढत येत होते. बाईंनी दाराकडे पाठ केली आणि मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सांग," त्या म्हणाल्या.