न करण्याचा फॉर्म

आमच्या मिनांगकाबाऊ लोकांत घर बाईचं, शेत बाईचं आणि नवरा पाहुणा. आजोबा बावन्न वर्षं पाहुणे आहेत. अजून विचारून चहा घेतात. पाडांगच्या इस्पितळात फॉर्मवर 'पतीची सही' हा रकाना बघून ते दचकलेच. "माझी? माझा काय संबंध?"

सही करायची ती आजीच्या धाकट्या भावानं. मामाआजोबा कुळप्रमुख. काळी टोपी घालून आले आणि कुळातर्फे "नाही" म्हणाले.

आजीची हृदयाची मुख्य रक्तवाहिनी चुना साचून बंद होत आली होती. हृदय पाव हिस्साच चालत होतं, मूत्रपिंडं थकलेली. बायपासवाल्यांनी हात जोडले. डॉक्टर येल्मीबाई मात्र म्हणाल्या, "मांडीतून हृदयात छोटा पंप सरकवू, त्याच्या आधारानं स्टेंट घालू. पण अशा दहांतला एक पेशंट दगावतो."

"या महिन्यातला तो एक गेला का?" आजीनं विचारलं.

"आजी, तसं नसतं ते."

"ऐकलंस ताई?" मामाआजोबा म्हणाले. "कुळाला हा धोका मान्य नाही. घरी चल."

"आणि घरी जाऊन काहीच नाही केलं तर, डॉक्टर?" आजी म्हणाली.

येल्मीबाई फरशीकडे बघत म्हणाल्या, "वर्षभरात दहांतले चार-पाच."

"मग त्याचा फॉर्म द्या."

"कशाचा?"

"न करण्याचा. केलं आणि मेले, तर सही माझी. नाही केलं आणि मेले, तर सही याची."

नर्सनं सगळे खण धुंडाळले. न करण्याची जबाबदारी कुणीच घेत नसल्यामुळे तो फॉर्म कधी छापलाच नव्हता. शेवटी आजीनं तो माझ्याकडून जेवणाच्या यादीमागे लिहून घेतला: 'मी, कुळप्रमुख, बहिणीला जपून, सांभाळून, घरी मरू देण्यास संमती देतो.'

मामाआजोबांनी पेन घेतलं. टोपी काढली. टोपी घातली. "एकदा कुळाशी बोलून..."

"तुझं ढुंगण धुतलंय मी, बुस्तामाम. सही कर, नाहीतर बाजूला हो."

ते बाजूला झाले. आजीनं आपल्या फॉर्मवर आपणच सही ठोकली. पतीच्या रकान्यातसुद्धा.

आत दोन तास ती जागीच होती. मध्येच रक्तदाब कोसळला आणि येल्मीबाईंचा हात क्षणभर थांबला.

"दमलात?" आजीनं विचारलं म्हणे. "मी नाही दमले."

दोन स्टेंट बसले.

संध्याकाळी मामाआजोबा खाटेजवळ येऊन खाकरले. "ताई, कुळानं फेरविचार केलाय. परवानगी आहे."

पाय हलवायची बंदी होती, म्हणून आजीनं नुसती मान भिंतीकडे वळवली. "कुळाला म्हणावं, विचारलं कुणी?"