आईच्या हाकेला न थांबलेली गाडी

मी एक जुनी, लांब नाकाची मोटारसायकल आहे. जालना रोडवरच्या एका हॉटेलात, शिरल्या शिरल्या डाव्या हाताला, दोरीच्या कुंपणात उभी असते. येणारे-जाणारे माझ्याजवळ फोटो काढतात. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, काय हिचा थाट! खरं सांगते, फोटोच्या वेळी मान खाली घालावीशी वाटते. पण माझी मान बिरूनं अशी पक्की वेल्ड केली आहे की ती खाली जातच नाही.

बिरू माझा कर्ता. वैजापूरकडचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. या शहराला औरंगाबाद म्हणत तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्याचं गॅरेज होतं. मी तेव्हा भंगारात निघालेली एका दूधवाल्याची गाडी होते. बिरूनं माझा पुढचं चाक धरणारा फोर्क लांबवला, टाकी ठोकून ठोकून गोल केली आणि सीटवर त्याच्या आईनं, बानाबाईंनी, कातलेल्या लोकरीचं काळं घोंगडं चढवलं. ब्रेकवर तर तो दिवसचे दिवस बसला. "गाडी पळवायला अक्कल लागत नाय, थांबवायला लागती," असं म्हणायचा.

मला बनवून घेतलं गाड्यांचे व्यापारी काकासाहेबांनी. त्यांच्या नव्या शोरूमच्या उद्घाटनाला सिनेमातले हिरो चंद्रहास यायचे होते. ते माझ्यावर बसून क्रांती चौकातून औरंगपुऱ्यापर्यंत येणार, असे बोर्ड गावभर झळकले. बिरूचं नाव त्यावर कुठंच नव्हतं.

हिरो आले. आधी लोकांच्या नजरेआड मला चालवून बघायला बसले. पडद्यावर नदी-नाल्यांवरून गाड्या उडवणारा तो माणूस क्लच सोडताच माझ्यासकट आडवा झाला! काकासाहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यांनी बिरूला बाजूला घेतलं.

"बिरू, त्यांचं जाकीट घाल, हेल्मेट घाल. स्टेजमागं उतर, तिथून ते वर जातील."

"पर साहेब, कुणी वळखलं तं?"

"काच खाली घे अन् मधी कुठं थांबू नको. स्टेजवरून तुझं नाव घ्यायला लावतो. शब्द हाय माझा."

नावाची भूक वाईट. बिरूनं जाकीट चढवलं.

रस्ता माणसांनी फुलला होता. "चंद्रहास! चंद्रहास!" लोक ओरडत होते, गच्च्यांवरून फुलं पडत होती. औरंगपुऱ्याच्या वळणावर बानाबाई उभ्या होत्या. लेकानं केलेली गाडी बघायला सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. आईला लेकरू नुसत्या बसण्यावरूनही कळतं.

"बिरूऽऽ!"

बिरूचा पाय ब्रेकवर आला. मी थांबायला तयार झाले. आणि त्यानं पाय उचलला. आम्ही त्यांच्या पदराला वारा देत पुढं निघून गेलो. मला त्या क्षणी रस्त्यानं गिळावं असं वाटलं.

स्टेजवर हिरो म्हणाले, "ही गाडी मी स्वतः बनवली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काकासाहेब सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी बानाबाई गॅरेजात आल्या. मी तिथंच उभी होते.

"तूच व्हतास ना रं?"

"नाय आई. ते हिरो व्हते."

बानाबाईंनी माझ्या सीटवरून हात फिरवला. "व्हय का? मंग लई मोठा माणूस म्हणायचा. माझ्याच घोंगड्यावर बसला, अन् मला वळखलं बी नाय."

बिरू माझे स्वच्छ ब्रेक पुन्हा पुसत बसला. आई शेवटच्या एसटीनं परत गेली.

पुढं बिरूचं नाव झालं. गायक, पैलवान, पुढारी त्याच्या दारात गाड्या बनवून घ्यायला उभे राहिले. पण आईकडं पुन्हा घोंगडं मागायचं धाडस त्याला कधी झालं नाही. बानाबाई गेल्या, तेव्हा मागायला कुणी उरलंही नाही.

आता माझ्या घोंगड्यावर चकचकीत रेक्झिन आहे. पुढ्यात पितळी पाटी आहे: 'हिरो चंद्रहास यांनी बनवलेली व चालवलेली गाडी.' दोन्ही खोटं. कधी कधी पांढऱ्या केसांचा बिरू येतो, दोरीपलीकडून माझ्याकडं बघतो. वॉचमन म्हणतो, "चाचा, हात मत लगाओ." बिरू मुकाट्यानं हात मागं घेतो.

मित्रांनो, सजवलेली गाडी दिसली की ती कुणाच्या हातची, हे नक्की विचारा. आणि भर रस्त्यात आईनं हाक मारली, तर डोक्यावर कुणाचंही हेल्मेट असो, थांबा. त्या दिवशी माझे ब्रेक चांगले होते.