अब्बांच्या कॅमेऱ्यातली शबीना

जास्मिन झोपली की लिहायचं, असा माझा नेम. आज मात्र ती मांडीवर बसून पेन ओढतेय, तरी लिहितेय. राहवतच नाही!

जळोचीत आमचं कपड्यांचं दुकान. फिरोज माल आणायला गेला की गल्ल्यावर मी, आणि कॅमेऱ्यावर अब्बा. अब्बा म्हणजे माझे सासरे. लासुर्ण्यात उसाला पाणी देता देता मोबाइलवर दुकान बघतात. मी जरा टेकले की त्यांचा फोन, "शबीना, गिऱ्हाईक उभं हाय!"

रविवारी बारामतीत बायकांनी केलेल्या व्हिडिओंचं प्रदर्शन आहे. भरवणाऱ्या अनिताताई मागंच लागल्या, "तुझा पाहिजेच." मग सुचलं. सेलच्या मोठ्या पिवळ्या स्टिकरांवर ठळक लिहिलं, लोक मला काय काय म्हणतात ते. फिरोजची बायको. जास्मिनची अम्मी. दुकानवाली भाभी. लासुर्ण्याची सून. सगळी कुडत्यावर चिकटवून दुकानातल्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि एकेक काढून मागं टाकत गेले.

झाल्यावर आठवलं, रेकॉर्डिंगचा पासवर्ड अब्बांकडं! त्यांनी रेकॉर्डिंग दिलं नाही तर सगळं पाण्यात. तेवढ्यात फोन वाजलाच.

"काय गं, अंगाला भाव लावून घेतलास?"

"भाव न्हाय अब्बा, नावं हायेत. प्रदर्शनात दाखवायचीत. मोठ्या पडद्यावर."

तिकडं पाण्याची मोटार बंद झाली.

"सगळं बघितलं मी. सून लिहिलेलं टराटरा काढलंस. राग हाय व्हय आमच्यावर?"

"राग न्हाय. पण शबीना म्हणून कुणी हाकच मारत न्हाय."

"मी मारतो की! दिवसातनं धा वेळा!"

"गिऱ्हाईक उभं असलं की."

अब्बा खो खो हसले. "लई शानी झालीस. पाठवतो. पण रविवारी मलाबी न्यायचं. लोकं काय म्हणत्यात ते मला बघायचंय."

तासाभरात व्हिडिओ आला. बघते तर माझ्या पाठीमागं जास्मिन! मी टाकलेलं एकेक स्टिकर उचलून स्वतःच्या फ्रॉकवर लावतेय. भाभी पोटावर, सून गालावर. गालावरचं टोचलं असणार. ओढून काढलं, चुरगाळलं आणि थेट कॅमेऱ्याकडं भिरकावलं. साडेतीन वर्षांची पोर माझी!

तिचे चिकट गाल मुके घेऊन घेऊन लाल केले आणि अनिताताईंना फोन लावला.

"ताई, व्हिडिओ मिळाला! पण करणाऱ्या दोघी आहेत. लिहून घ्या, शबीना आणि जास्मिन."